मंजुरीची गरज नाही

सिस्टरांना नुसतं उभं राहायची सवय नव्हती. उभं राहण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. अख्खी नोकरी त्यांनी उभ्यानंच काढली होती. पण त्या उभ्या असायच्या तेव्हा त्यांच्याभोवती काहीतरी घडत असायचं. कुणाची सलाईन संपत आलेली असायची, कुणाची पट्टी बदलायची असायची, कुणी भूल उतरताना बडबडत असायचं. पुरुषांच्या वॉर्डात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. नवे डॉक्टर त्यांना वचकून असायचे, आणि त्यांच्या बुटांचा आवाज आला की रुग्ण उशीखाली लपवलेल्या विड्या आणखी आत सारायचे. "नंतर बघू" असं कुणी म्हणालं की त्या शांतपणे विचारायच्या, "नंतर म्हणजे कधी? मेल्यावर?"

निवृत्त झाल्या आणि अशा या बाईला नगररचना कार्यालयाच्या बोळकांडीतल्या लाकडी बाकावर बसून राहायची वेळ आली. समोर एक खिडकी, खिडकीमागे एक कारकून, आणि कारकुनामागे एक बंद दार. दारामागे साहेब. ते कधी बैठकीत असायचे, कधी पाहणीला गेलेले असायचे.

काम तसं साधं होतं. वडील यंत्रांच्या कारखान्यात लेथवर होते. त्यांनी उमेदीच्या काळात गावाच्या कडेला एक भूखंड घेऊन ठेवला होता. रस्त्याला अरुंद, आत लांबलचक. पुढच्या भागात त्यांच्या धाकट्या मुलाचं, म्हणजे सिस्टरांच्या भावाचं, पत्र्याचं घर होतं आणि घराला चिकटून त्याचं दुकान. विजेच्या जळालेल्या मोटारी आणि पंप खोलून त्यांत नवी तांब्याची तार भरायची, हा त्याचा धंदा. दुकानाच्या बाजूनं एक हातगाडी जेमतेम जाईल एवढी वाट मागे जायची, आणि मागची निम्मी जागा पडीक. तिथं सिमेंटची एक जुनी टाकी होती आणि कमरेइतकं गवत.

सिस्टरांनी लग्न केलं नव्हतं. रुग्णालयाच्या क्वार्टरमध्येच त्यांचं आयुष्य गेलं होतं. ती सोडावी लागली तेव्हा त्या भाड्याच्या खोलीत आल्या, पण मनात एकच होतं. मागच्या जागेत दोन खोल्या बांधायच्या. दार आपलं, किल्ली आपली. भावाला विचारलं तेव्हा तो मोटारीच्या पोटातून जळकी तार ओढून काढत होता. मान वर न करता म्हणाला, "विचारतेस काय ताई? तुझीच आहे ना ती जागा."

हा भाऊ तीन वर्षांचा होईपर्यंत बोललाच नव्हता. घरात सगळ्यांनी आशा सोडली होती. त्यावरून त्याचं नाव पडलं मुक्या, आणि पुढे बोलायला लागल्यावरही ते सुटलं नाही. गिऱ्हाइकंसुद्धा त्याला मुक्याशेठ म्हणायची. बोलायचा अगदी मोजकं, पण बोलला की मनातलंच बोलायचा. दुसरं काही त्याला जमायचंच नाही.

तर दोघा बहीणभावांत कसलाही वाद नव्हता. हे इथंच सांगितलेलं बरं, कारण पुढं सगळं त्यावरूनच बिघडलं.

पहिल्याच खेपेला कारकुनानं समजावून सांगितलं. एका भूखंडावर घर एकच. दुसरं बांधायचं तर भूखंडाचे दोन भाग व्हायला हवेत, आणि दोन भाग करायचे तर मंजुरी हवी. मंजुरी हवी तर मागच्या भागाला गाडी जाईल एवढा रस्ता हवा. अग्निशमनाचा बंब आत जाऊन वळायला हवा. सांडपाण्याची वेगळी नळी हवी. शिवाय काही जागा मोकळी सोडायला हवी.

"बंब वळवायचा तर भावाचं घर पाडावं लागेल," सिस्टर म्हणाल्या.

"मग मंजुरी मिळणार नाही," कारकून म्हणाला. माणूस उद्धट नव्हता. डोळ्यांखाली काळं आलेलं, आवाज बसलेला. सिस्टरांना वाटलं, याला झोप कमी आहे.

पण बोळकांडीत बसून बसून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बाकासमोरच्या भिंतीवर एक रंगवलेला फलक होता: 'खालील विभाजनांस मंजुरीची गरज नाही.' खाली कलमं. मयताच्या वारसांमधली वाटणी. न्यायालयाच्या निकालानं झालेली वाटणी. सरकारी रस्ता मधून गेल्यामुळं पडलेले तुकडे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी हद्द थोडी इकडेतिकडे करणं. दफनभूमीतल्या जागा. हे शेवटचं वाचून त्या हसल्या. म्हणजे मेल्यावर तुकडा मिळायला काही अडचण नाही. अडचण जिवंत माणसाची.

पण पहिलं कलम तर आपलंच आहे की. त्या तडक खिडकीशी गेल्या.

"आम्ही वारस आहोत. वडील वारले. आम्ही दोघंच. मग आम्हाला मंजुरी कशाला?"

कारकुनानं कागद पाहिले. "वडील गेल्यावर तुम्ही दोघांनी मिळून नावं लावलीत."

"हो. एकत्र. दोघांची."

"इथंच तर झालं ना. एकत्र नावं लागली म्हणजे वारसाचं काम पुरं झालं. आता तुम्ही वारस नाही, सहमालक आहात. सहमालकांच्या वाटणीला सूट नाही. त्याच वेळी वेगवेगळे हिस्से मागितले असते, तर मंजुरीचा प्रश्नच आला नसता."

"त्या वेळी आम्ही कशाला हिस्से मागू? बाप जाऊन महिना झाला नव्हता."

"बरोबर आहे तुमचं," कारकून म्हणाला. "बरेच लोक असंच करतात."

या 'बरोबर आहे तुमचं'चा सिस्टरांना पुढं पुढं इतका संताप यायला लागला की ते शब्द कानावर पडले की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. कुणी चूक म्हणालं असतं तर भांडता आलं असतं. इथं सगळे त्यांचं बरोबर आहे म्हणायचे आणि परत पाठवायचे. एकदा साहेब भेटले. तेही म्हणाले, "तुमची केस अगदी जेन्युइन आहे." आणि दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. सिस्टरांनी असे हात पुष्कळ पाहिले होते. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगायचे तेव्हाचे हात.

वर्ष गेलं. भाड्याच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. सिस्टरांचे गुडघे जिने चढताना बोलायला लागले. मागच्या जागेतलं गवत त्यांनी माणूस लावून काढून घेतलं आणि ते पुन्हा वाढलं. रविवारी त्या तिथं जायच्या, टाकीच्या कठड्यावर बसायच्या आणि स्वयंपाकघराची खिडकी कुठं येईल ते मनातल्या मनात ठरवायच्या. भावजय वाटेनं चहा घेऊन यायची. "ताई, होईल हो," म्हणायची. सिस्टर म्हणायच्या, "कधी?"

शेवटी त्या एका वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाई तरतरीत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फलकावरचं दुसरं कलम वाचलंत ना? न्यायालयाचा निकाल. भावावर दावा लावा."

"पण आमचं भांडण नाही."

"ते मला कळलं. पण तुम्ही दोघांनी जाऊन 'आम्हाला वाटणी मान्य आहे' म्हणालात तर ती तडजोड होते. तडजोडीच्या हुकमाला पूर्वी सूट होती. लोकांनी त्याचा मार्गच करून टाकला, म्हणून ती बंद केली. आता वाद ऐकून दिलेला निकालच चालतो. म्हणजे तुम्ही मागितलं, त्यांनी नाकारलं, आणि कोर्टानं ठरवलं."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"म्हणजे दावा लिहायचा," वकीलबाई म्हणाल्या. "भावाला फक्त एवढंच सांगा, कोर्टात विचारलं की म्हणायचं, मला मागणी मान्य नाही. बास."

सिस्टरांनी भावाला दुकानात जाऊन हे सांगितलं. त्यानं हातातली मोटार खाली ठेवली. बराच वेळ तार गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "तू म्हणतेस तर म्हणीन."

दाव्याची प्रत त्याच्या घरी पोचली तेव्हा सिस्टर तिथं नव्हत्या. भावजयीनं नंतर सांगितलं. त्यानं ती दोनदा वाचली. त्यात लिहिलं होतं की प्रतिवादी हा मूळचा हेकेखोर स्वभावाचा असून त्यानं थोरल्या बहिणीच्या एकटेपणाचा फायदा घेतला आहे, सामाईक जागा तो धंद्यासाठी एकटाच वापरतो आणि वादीला तिथं पाऊल ठेवू देत नाही. वकिलाची भाषा ती. सगळ्या दाव्यांत असंच लिहितात. पण तो दुकानात गेला आणि त्यानं बाजूच्या वाटेवर ठेवलेली पंपांची सगळी खोकी उचलून रस्त्याच्या बाजूला आणून रचली. गिऱ्हाइकांना उभं राहायला जागा उरली नाही.

"अरे, ते नुसतं लिहायचं असतं," सिस्टर त्याला म्हणाल्या.

"माहीत आहे."

"मग खोकी का हलवलीस?"

"वाट अडत होती," तो म्हणाला.

तारखा पडत गेल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी पलीकडचा वकील गैरहजर. भावालाही वकील लावावा लागला होता, नाहीतर खरं वाटलं नसतं. सिस्टर प्रत्येक तारखेला धुतलेल्या, इस्त्री केलेल्या कपड्यांत वेळेआधी जाऊन बसायच्या आणि वाट बघून घरी यायच्या. वॉर्ड असता तर त्यांनी या सगळ्यांना एका सकाळीत सरळ केलं असतं. इथं त्यांना खोकायचीसुद्धा चोरी होती.

अखेर एकदाचा त्यांचा पुकारा झाला. न्यायाधीशबाई वयस्कर होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी भावाकडे पाहिलं.

"तुमच्या बहिणीचं म्हणणं आहे की त्यांनी हिस्सा मागितला आणि तुम्ही दिला नाहीत. तुमचं काय म्हणणं?"

भाऊ पिंजऱ्यात उभा होता. बोटांना मोटारींच्या तारेवरचं वॉर्निश लागलेलं. त्याचा वकील त्याच्याकडे बघत होता, वकीलबाई बघत होत्या, सिस्टर बघत होत्या. चार शब्द बोलायचे होते.

तो म्हणाला, "तिनं मागितलं आणि मी नाही म्हणालो, असं कधी झालं नाही बाई."

"म्हणजे तुम्हाला वाटणी मान्य आहे?"

"मान्य म्हणजे काय, तिचीच आहे जागा."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मग इथं वाद कसला आहे?" त्यांनी वकीलबाईंना विचारलं. वकीलबाईंनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. शेवटी न्यायाधीशबाईंनी एक तारीख दिली आणि बजावलं की तोवर वाद आहे की नाही ते दोन्ही पक्षांनी ठरवून यावं, नाहीतर दावा काढून टाकीन.

बाहेरच्या व्हरांड्यात सिस्टरांचा तोल गेला.

"एवढं एक काम सांगितलं होतं तुला."

"ताई, मला नाही आलं म्हणता."

"नाही आलं. तुला कधी काय आलंय? बाबा माझ्या क्वार्टरमध्ये अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही तू असाच. रविवारी यायचं, फळं ठेवायची, पायाशी उभं राहून बघायचं आणि जायचं. त्यांची पाठ मी पुसली. हगणं-मुतणं मी काढलं. ड्यूटी करून काढलं. आणि आता चार शब्द बोलायचे तर तुला येत नाहीत."

व्हरांड्यातले लोक वळून बघायला लागले. वकीलबाईंनी सिस्टरांच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो झटकला.

भावाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "तू करू दिलंस कुठे? मी त्यांना कुशीवर वळवायला हात लावला की तू ओरडायचीस, असं नाही, बाजूला हो. तुझ्या वॉर्डातला झाडूवालासुद्धा त्यांच्याजवळ बसायचा. मी उभा राहायचो, कारण तिथं खुर्ची एकच होती आणि ती तुझी होती."

एवढं सलग तो आयुष्यात बोलला नसेल. बोलला आणि पायऱ्या उतरून निघून गेला. सिस्टर तिथंच उभ्या राहिल्या. आपण बोललो ते खरं होतं, आणि तो बोलला तेही खरं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं. पण राग असा होता की कळलेलं गिळताही येईना.

पुढच्या तारखेला भाऊ आला तो वेगळाच. सिस्टरांकडे त्यानं पाहिलं नाही. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तेव्हा म्हणाला, "मला वाटणी मान्य नाही. जागा बाबांनी धंद्यासाठी घेतली होती. आणि ती बाजूची वाट माझी आहे. माझा माल तिथूनच येतो."

वकीलबाई सिस्टरांच्या कानाशी लागून म्हणाल्या, "छान. अगदी हवं तसं."

सिस्टरांना मात्र कळलं की हे ठरलेलं नाही. तो मनातलंच बोलत होता. वाटेचं तर त्यांनी कधी बोलणंही काढलं नव्हतं.

मग खरा खटला चालला. वाटेवरून चालला. दोन्हीकडचे वकील तावातावानं बोलले, आणि कोर्टाचा मोजणीदार टेप घेऊन आला. मोजणी चालली असताना भावजय दारात उभी राहून रडत होती, आणि दोघंही तिच्याकडे न बघता टेपच्या दोन टोकांकडे बघत होती. निकाल लागला तो असा: मागची जागा सिस्टरांची, पुढची भावाची, वाट दोघांच्या वापराची, कुणी अडवायची नाही. म्हणजे पहिल्या दिवशी दुकानात ठरलं होतं, तेच.

निकालाची प्रत घेऊन सिस्टर खिडकीशी गेल्या. तोच कारकून होता. त्यानं प्रत चाळली, शिक्का पाहिला आणि कागद आत घेतला.

"झालं तुमचं. आता दोन वेगळे भूखंड. मंजुरीची गरज नाही."

"बंबाचं काय?"

"काय बंबाचं?"

"वाट तेवढीच आहे. बंब आधीही जात नव्हता, आताही जाणार नाही. सांडपाण्याची नळी नव्हती, ती अजूनही नाही. मोकळी जागा कुणी सोडली नाही. मग आधी काय अडत होतं?"

कारकुनानं विचार केला. खरोखरच केला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तो म्हणाला, "आधी तुमचं एकमत होतं."

मागचा माणूस पुढं सरकायला लागला, म्हणून त्या बाजूला झाल्या. बाकावर जाऊन बसल्या. आता तिथं बसायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी पुष्कळ वेळ बसल्या. कुणावर तरी ओरडावं असं त्यांना फार वाटत होतं. कारकुनावर ओरडून उपयोग नव्हता. नियम त्यानं केला नव्हता. साहेब पाहणीला गेले होते. जिच्यावर ओरडता येईल अशी तिथं एकच व्यक्ती होती, त्या स्वतः, आणि तिच्यावर त्या मनातल्या मनात गेले कित्येक दिवस ओरडतच होत्या.

खोल्या बांधून झाल्या. स्वयंपाकघराची खिडकी त्यांना हवी होती तिथंच आली. गवंडी चांगला निघाला, ओल कुठं नाही. दार आपलं, किल्ली आपली. पण घरी जायचं तर भावाच्या दुकानाच्या बाजूच्या वाटेनंच जावं लागायचं, दिवसातून दोनदा-तीनदा. तो मोटारीवर वाकलेला असायचा. पावलं ओळखायचा, त्यांना ते पाठीवरून कळायचं. मान वर करायचा नाही. वाटेवर त्यानं एक खोकंसुद्धा पुन्हा ठेवलं नाही. वाट मोकळी, अगदी स्वच्छ, आणि त्या मोकळ्या वाटेनं जाताना सिस्टरांना चोरासारखं वाटायचं.

भावजय येत राहिली. तिनं नवऱ्याला विचारलं नाही आणि त्यानंही तिला अडवलं नाही. तिच्याकडून कळायचं, त्याला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यात, आणि तो त्या विसरतो.

"सकाळी घेतो की रात्री?" सिस्टर विचारायच्या.

"आठवेल तेव्हा."

"सकाळी दे. उपाशीपोटी नको."

एवढंच. पण एका दुपारी त्यांना राहवलं नाही. रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन त्या वाटेनं पुढं आल्या आणि दुकानाच्या दाराशी उभ्या राहिल्या. आत गिऱ्हाईक नव्हतं. भाऊ वॉर्निश वाळत घातलेल्या मोटारींच्या रांगेपलीकडे बसला होता.

"दंड दे," त्या म्हणाल्या.

त्यानं हात फडक्याला पुसून बाही वर सारली. दुकानात बसायला एकच स्टूल होतं आणि त्यावर तो बसलेला होता. सिस्टर वाकल्या तेव्हा गुडघा कचकन वाजला. तो उठला, स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि स्वतः एका पंपाच्या खोक्यावर बसला.

रक्तदाब जास्तच होता. त्यांनी आकडा सांगितला. रागवायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. हे त्यांना फार जड गेलं.

"गोळी बदलून घ्यावी लागेल," त्या एवढंच म्हणाल्या. "डॉक्टरांकडे मी येऊ बरोबर?"

"नको," तो म्हणाला. "मी जाईन." मग बाही खाली ओढत, "तू कागदावर लिहून दे काय सांगायचं ते. मला नीट सांगता येत नाही."

सिस्टरांनी लिहून दिलं. तो आठवड्यानं गेला की दोन आठवड्यांनी, ते त्यांना समजलं नाही; गोळी मात्र बदलली, असं भावजय म्हणाली. अजून तो त्यांच्या घरी आलेला नाही. सिस्टर पंधरवड्याला यंत्र घेऊन जातात. तो बाही वर करतो. आकड्याशिवाय दुसरं बोलणं होत नाही. कधीतरी एखादी मोटार कुणाची, किती जुनी, एवढं तो आपणहून सांगतो. नगररचना कार्यालयावरून बस जाते तेव्हा सिस्टर अजूनही दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे तोंड करून बसतात.